एकच अळंबी, पण पुरती ओळखीची

पावसाचे पहिले मोठे सत्र संपून मध्येच दोन दिवस उघडीप पडली की आमच्या सिंधुदुर्गात अळंबीच्या गोष्टी सुरू होतात. कोणाच्या काजूबागेत निघाली, कोणी पहाटेच जाऊन काढून नेली, बाजारात पानाचा वाटा केवढ्याला गेला, यावर चारचौघांत चर्चा होते. अलीकडे शहरातून गावी येणाऱ्या मंडळींनाही रानात जाऊन अळंबी शोधण्याची ओढ वाटू लागली आहे आणि ती मला मनापासून आवडते. मात्र त्यांच्यापैकी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, की विषारी अळंबी ओळखायची कशी. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, आणि ते आहे अशा समजुतीतूनच बहुतेक अपघात घडतात. सगळ्या विषारी अळंब्यांना लागू पडेल अशी एकही खूण निसर्गाने ठेवलेली नाही. खूण असते ती एकेका जातीची. म्हणून नवशिक्याने विषारी अळंबी ओळखण्याच्या फंदात न पडता खाण्याची एकच जात निवडावी, ती मुळापासून टोकापर्यंत शिकावी, आणि बाकी सगळे कितीही देखणे दिसले तरी जागच्या जागी राहू द्यावे.

लोकांत प्रचलित असलेल्या परीक्षा मी आजही घरोघरी ऐकतो. अळंबी शिजवताना लसणाची पाकळी टाकावी, ती काळी पडली तर विष आहे. चांदीचा दागिना टाकून पाहावा. भाताचे दाणे टाकून रंग बदलतो का ते पाहावे. किडीने किंवा गोगलगाईने खाल्लेली असेल तर ती निर्धोक समजावी. यातली एकही परीक्षा खरी नाही. ॲमनिटा वंशातल्या प्राणघातक अळंब्यांमध्ये असणारी अमॅटॉक्सिन नावाची विषे लसूण काळा करत नाहीत आणि चांदीलाही डाग पाडत नाहीत. गोगलगाई या अळंब्या खुशाल खातात. शिजवल्याने, उकळून पाणी फेकून दिल्याने किंवा वाळवल्याने ही विषे नष्ट होत नाहीत. वास आणि चव यांचाही भरवसा नाही, कारण ज्यांनी ही अळंबी खाल्ली आणि जे वाचले त्यांनी ती रुचकर होती असेच सांगितलेले आहे.

शिकण्यासाठी आपल्या भागात सर्वांत योग्य जात म्हणजे वारुळावरची अळंबी. शास्त्रज्ञ या वंशाला टर्मिटोमायसीस म्हणतात. हे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी 1942 मध्ये दिले. वाळवीच्या काही जाती जमिनीखाली बुरशीची शेती करतात. कामकरी वाळव्या सुकलेली पाने, लाकूड आणि गवत चावून आणतात, त्यापासून स्पंजासारखी सच्छिद्र पोळी रचतात आणि त्या पोळ्यावर ही बुरशी वाढते. लाकडातला जो भाग वाळवीला पचवता येत नाही तो बुरशी मऊ करून देते, आणि वाळवी तिला ऊब, ओल व अन्न पुरवते. पावसाने जमीन पुरती मुरली की त्या पोळ्यातून अळंबीचा कोंब निघतो आणि माती भेदत वर येतो. ही अळंबी धिंगरीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही, तिला जिवंत वारूळच लागते. बाजारात तिला मिळणाऱ्या भावाचे हे मोठे कारण आहे.

आमच्या शेजारच्या काकींनी मला ही अळंबी दाखवली तेव्हा छत्रीकडे त्यांनी फारसे पाहिलेच नाही. बांबूच्या बेटामागे जमीन किंचित उंचावलेली होती, वर वारुळाचा बुरूज दिसत नव्हता, आणि पालापाचोळ्यातून फिकट करड्या छत्र्या डोकावत होत्या. काकींनी एका अळंबीच्या कडेची माती टोकदार काठीने हळूहळू उकरली. दांडा जमिनीच्या पातळीवर संपला नाही. तो थोडा फुगला आणि मग निमुळता होत मुळासारखा खाली खाली जात राहिला. वीतभर उकरूनही त्याचे टोक हाती आले नाही, आणि शेवटी खालच्या पोकळ मातीत दोन-चार वाळव्या सैरावैरा धावताना दिसल्या. "मूळ बघल्याशिवाय घेव नको," एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या मते नवशिक्यासाठी याहून मोलाचा नियम नाही. अळंबी वरून खुडून आणणारा माणूस ओळखीचा निम्मा पुरावा जमिनीतच सोडून येतो.

याचे कारण ॲमनिटा वंशाच्या रचनेत आहे. या अळंब्यांच्या दांड्याच्या बुडाशी पातळ पिशवीसारखे किंवा वाटीसारखे आवरण असते. अळंबी लहान असताना ती संपूर्ण याच आवरणात गुंडाळलेली असते. वाढताना ते फाटते आणि त्याचा उरलेला भाग मातीत राहतो. दांड्यावर बहुधा एक कडेही असते, आणि छत्रीखालचे उभे पापुद्रे, म्हणजे कल्ले, पांढरे असतात. वरून खुडली तर ती पिशवी मागे राहते आणि हातात येते ती एक साधी, स्वच्छ, पांढरी अळंबी. कळीच्या अवस्थेत तर ही अळंबी लहान अंड्यासारखी दिसते. अशी कळी उभी चिरली की आत छत्री, कल्ले आणि दांडा यांची चिमुकली आकृती स्पष्ट दिसते. म्हणून न उमललेली कोणतीही अळंबी नवशिक्याने खाऊ नये, वारुळावरची असली तरीही.

मुळाखेरीज आणखी खुणा जुळाव्या लागतात. वारुळावरच्या अळंबीच्या छत्रीला मधोमध टोक किंवा उंचवटा असतो आणि तो बहुधा बाकीच्या छत्रीपेक्षा गडद असतो. कल्ले आधी पांढरे असतात आणि पुढे त्यांवर गुलाबी झाक येते. ती नक्की पाहायची तर बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक भुकटीचा, ठसा घ्यावा. छत्री दांड्यापासून कापून कल्ले खाली येतील अशी कागदावर ठेवावी, कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा असावा, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी वाटी उचलली की कल्ल्यांची नक्षी कागदावर उमटलेली असते. वारुळावरच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर येतो आणि ॲमनिटाचा पांढरा. तरी गुलाबी ठसा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण एन्टोलोमा वंशातल्या काही विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो. आणि लांब मूळ असणाऱ्या दुसऱ्या वंशातल्या अळंब्याही आहेत, त्यांचा ठसा पांढरा येतो. जागा, मूळ, टोक, कल्ले आणि ठसा हे सगळे एकाच वेळी जुळले तरच ओळख पटली असे मानावे. एक जरी खूण अडली तरी अळंबी टाकून द्यावी, आणि या बाबतीत मी घरातल्या थोरामोठ्यांचाही आग्रह चालू देत नाही.

शहरात राहणाऱ्यांनी एक जात आवर्जून ओळखून ठेवावी, ती खाण्यासाठी नव्हे. पावसाळ्यात सोसायटीच्या हिरवळीवर, मैदानावर, कधी गोल रिंगण करून, पांढऱ्या मोठ्या छत्र्या उगवतात. छत्रीवर तपकिरी खवले असतात आणि दांड्यावरचे कडे बोटाने वरखाली सरकते. ही क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. कोवळेपणी तिचे कल्ले पांढरे असतात, त्यामुळे ती बाजारातल्या अळंबीसारखी वाटते. जून झाली की ते हिरवट होतात आणि बीजाणूंचा ठसाही हिरवट येतो. ती खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होतात. जीव सहसा जात नाही, परंतु लहान मुलांच्या बाबतीत शरीरातले पाणी कमी होणे धोक्याचे ठरू शकते.

त्रास लवकर सुरू होणे हे त्यातल्या त्यात बरे, कारण खरी घातक विषे उशिरा जाणवतात. अमॅटॉक्सिनची लक्षणे साधारणपणे 6 ते 24 तासांनी सुरू होतात. तोवर जेवण पचले असे वाटून माणूस निर्धास्त झालेला असतो. उलट्या-जुलाब एक-दोन दिवस चालतात, मग उतार पडल्यासारखे वाटते, आणि नेमक्या त्याच काळात विष यकृताच्या पेशींमधली प्रथिने तयार होण्याची प्रक्रिया बंद पाडत असते. त्यानंतर कावीळ होते आणि यकृत निकामी होऊ लागते. यावर हमखास उतारा नाही. काही रुग्णांना यकृत प्रत्यारोपणापर्यंत जावे लागते. आसामात एप्रिल 2022 मध्ये रानातली अळंबी खाऊन 13 जणांचा मृत्यू झाला, त्यांत बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतले होते. रानातले अन्न ज्यांच्या रोजच्या सवयीचे आहे त्यांच्यावरही असा प्रसंग येतो, हे मला फार अस्वस्थ करते.

म्हणून घरी अळंबी आणली की एक-दोन अख्ख्या अळंब्या न शिजवता कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये बाजूला ठेवाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत त्या लवकर कुजतात. दोन जाती एकत्र शिजवू नयेत, नवीन जात पहिल्यांदा खाताना अगदी थोडी आणि घरातल्या एकाच प्रौढाने खावी, आणि चांगली शिजवूनच खावी. पोट बिघडले, मग ते दुसऱ्या दिवशी का असेना, तर उतार पडण्याची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे, बाजूला ठेवलेली अळंबी बरोबर न्यावी आणि खाल्ल्याची वेळ डॉक्टरांना सांगावी. दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेबाबत सल्ला देणारे राष्ट्रीय केंद्र चोवीस तास चालते, त्याचीही मदत घेता येते.

मोबाईलवरच्या ॲपबद्दल मला नेहमी विचारणा होते. नाव शोधण्याची दिशा मिळावी एवढ्यापुरते ते ठीक आहे. फोटोत मूळ दिसत नाही, ठसा दिसत नाही आणि वासही येत नाही, त्यामुळे खायचे की नाही याचा निर्णय फोटोवरून कधीच घेऊ नये. व्हॉट्सॲपवर फोटो पाहून "चालेल" म्हणणाऱ्या अनुभवी माणसालाही हेच लागू आहे.

काढतानाचे दोन शब्द. फवारणी झालेल्या बागेतली आणि रहदारीच्या रस्त्याकडेची अळंबी घेऊ नये, कारण अळंबी मातीतले जड धातू शोषून घेते. वारूळ खणू नये, ते मोडले तर पुढच्या वर्षी तिथे अळंबी निघण्याची आशा सोडावी लागते. शिवाय जुन्या वारुळात नागाचा वास असू शकतो, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीसाठी एकच अळंबी मुळासकट काढावी, बाकीच्या अलगद घ्याव्यात आणि काही पुऱ्या उमलून बीजाणू सोडण्यासाठी ठेवाव्यात. अभयारण्यातून काहीही उचलण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. गोव्यात कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी वारुळावरच्या अळंबीच्या बेसुमार तोडणीविरुद्ध अनेक वर्षे लिहिले आहे, आणि कोकणातही आता ती वेळ आली आहे असे मला वाटते.

यंदा मी भाताच्या पेंढ्यावर उगवणारी अळंबी अभ्यासायला घेतली आहे. ती खाण्यायोग्य आहे, पण तिच्या बुडाशीही पिशवी असते, म्हणजे ॲमनिटाशी गोंधळ होण्याचा धोका सर्वांत मोठा. पूर्व आशियातून परदेशी गेलेल्या लोकांनी मायदेशातली हीच ओळख मनात धरून ॲमनिटा फॅलॉइडिस ही प्राणघातक जात खाल्ल्याच्या घटना घडल्या आहेत. ही घातक अळंबी मूळची युरोपातली, आणि ओकच्या झाडांच्या मुळांबरोबर ऑस्ट्रेलियात व कॅलिफोर्नियात पोहोचलेली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी गावाकडच्या आठवणीवर विसंबून तिथली एकही अळंबी खाऊ नये. तिथल्या जाती तिथल्या जाणकारांकडूनच शिकाव्यात. पेंढ्यावरच्या अळंबीच्या छत्रीचे, पिशवीचे आणि ठशांचे फोटो मी तारखेसह वहीत चिकटवत आहे. दांड्यावर कडे नसणे आणि ठसा गुलाबी असणे या दोन खुणा आतापर्यंत प्रत्येक वेळी जुळल्या आहेत, तरी हा हंगाम केवळ निरीक्षणाचा आहे. ती शिजवायची की नाही, हे पुढच्या पावसाळ्यात या जातीच्या जाणकाराला ताजी अळंबी मुळासकट दाखवल्यावरच ठरवीन.