एसी नाहीये तो

बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न ठरलेला. "अरे वा, जीपला एसी?" वर छप्पर ताडपत्रीचं, दारांना काचा नाहीत, तरी लोकांना एसी दिसतो. मी सांगतो, कॉम्प्रेसर एसीचाच आहे, पण तो गार हवा देत नाही, टायरमध्ये भरायची देतो. मग दुसरा प्रश्न, तोही ठरलेला. "त्यासाठी एवढा खटाटोप? दोन-अडीच हजारांत बारा व्होल्टचा पंप मिळतो की!"

गेली सहा वर्षं हे ऐकतोय. पेट्रोल पंपावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सासऱ्यांकडून तर दर दिवाळीला. आजवर हसून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगूनच टाकतो.

पंप होता माझ्याकडे. एक नाही, दोन झाले. माझी जीप १९९६ सालची महिंद्राची एमएम ५४०, तिला आता २३५/७५ आर १५ टायर आहेत. एका टायरच्या पोटात ५० लिटरच्या आसपास जागा. वाळूत उतरताना हवा १५ पौंडांवर आणायची, डांबरावर आलं की परत ३० करायची. १५ पौंड म्हणजे जवळपास एक वातावरणदाब, म्हणजे प्रत्येक चाकात बाहेरची ५० लिटर हवा कोंबायची. चार चाकांची २०० लिटर. स्वस्त पंपाच्या खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर छापलेलं असतं, ते समोर काहीच दाब नसतानाचं. चाकाला लावला की निम्मंही येत नाही. माझा पहिला पंप तिसऱ्या चाकावर गेला. दुसऱ्याची नळी तोंडापाशी वितळली.

भंगारातून आणलेला सॅन्डेन कंपनीचा पाच सिलिंडरचा एसी कॉम्प्रेसर एका फेऱ्याला १३८ सीसी हवा ओढतो. मिनिटाला दीड हजार फेरे धरले तर कागदावर २०० लिटर झाली. कागदावरची निम्मी सोडून द्या, व्हॉल्व्हचं भोक बारीक म्हणून आणखी थोडी सोडा. तरी मिनिटभरात चाक तयार. आणि यात जगावेगळं काही नाही. एअर ब्रेकच्या ट्रकांना इंजिनावरचा कॉम्प्रेसर असतोच. तो भरतो त्या हवेच्या टाकीला नळी लावून ड्रायव्हर केबिनमधली धूळ उडवतात, वेळ पडली तर चाकही भरतात. त्यांना कुणी विचारत नाही, खटाटोप कशाला म्हणून.

इथवर मी सगळ्यांनाच सांगतो. पुढचं सांगत नाही.

बसवतानाच दोघांनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. ज्या मिस्त्रींनी ब्रॅकेट बनवलं ते म्हणाले, "साहेब, क्रँकच्या पुलीवर अजून एक पुली चढवू आणि ह्याला बेल्ट वेगळा देऊ. पाण्याच्या पंपाच्या बेल्टवर हे लोढणं नको." अठराशे रुपये वाढत होते. मी म्हटलं, लांब बेल्ट टाका, त्याच बेल्टवर बसवा. दुसरे आमच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले. त्यांच्या कॉम्प्रेसरला खाली एक गोल काच आहे, बटणाएवढी, तिच्यातून आतलं तेल दिसतं. त्यांनी त्या काचेवर बोट ठेवलं आणि माझ्या जीपकडे बघत विचारलं, "हे इथे आहे. तुमच्या ह्याचं तेल कुठंय?"

मी त्यांना व्याख्यान दिलं. एसीचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, तेल आतच असतं, वगैरे. त्यातलं अर्धंच खरं होतं. एसीत तेल गॅसबरोबर फिरतं आणि गॅसबरोबरच परत येतं. हवा भरताना ते हवेबरोबर जातं आणि टायरमध्ये राहतं. परत येणार कुठून? ज्या कॉम्प्रेसरला पोटात स्वतःचं तेल असतं त्याची गोष्ट वेगळी. माझ्याला ते नव्हतं.

त्या डिसेंबरात महाडकडे एका मित्राच्या शेतावर आम्ही सहा गाड्या जमलो होतो. बायको बरोबर होती. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुण्यात तिच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा. "आदल्या दिवशी जीप कशाला?" असं तिने विचारलं होतं. रात्री दहापर्यंत घरी, असं मी सांगितलं होतं. संध्याकाळी निघताना सगळ्यांच्या टायरांत हवा भरायची होती आणि सगळ्यांना ती मीच भरली. २४ चाकं. बाकीचे आपापले पंप काढत होते, त्यांना मी ठेवून द्यायला लावलं. अर्धा तास तो कॉम्प्रेसर कोरडा धावत होता आणि मी नळी हातात घेऊन गप्पा मारत उभा होतो.

वरंधा घाट चढताना जळक्या रबराचा वास आला. पुढे एक टेम्पो होता. मी म्हटलं, त्याचा क्लच जळतोय. बायको म्हणाली, "वास आपल्याच गाडीचा आहे." मी म्हटलं, टेम्पोचा आहे. मग बॅटरीचा लाल दिवा लागला. मी डॅशबोर्डवर बुक्की मारली, वायर सैल असेल म्हणून. टेम्पो पुढे निघून गेला, वास राहिला. वाघजाईच्या देवळाअलीकडच्या वळणावर तापमानाचा काटा शेवटाला टेकला आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी वाफ निघाली. बेल्टच्या चिंध्या झाल्या होत्या. पाण्याचा पंप बंद, पंखा बंद, अल्टरनेटर बंद. कॉम्प्रेसरची हवा साठवायच्या टाकीच्या गेजवर मात्र ७० पौंड हवा होती.

फोनला रेंज नाही. दीड तासाने कोकणातून पुण्याला मासळी नेणारा पिकअप आला. ड्रायव्हरशेजारी एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताईला नेतो आम्ही, दादांना जागा नाही." पैठणीचं खोकं मांडीवर घेऊन बायको त्या दोघांच्या मध्ये बसली. जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पैठणीला वास लागला नाही असं मी म्हणतो. ती म्हणते लागला.

पिकअप गेल्यावर घाट इतका शांत झाला की मला एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. स्स्स... टाकीच्या मागच्या जोडातून हवा गळत होती. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. हवा गळून दाब ८५ च्या खाली आला की प्रेशर स्विच आपोआप कॉम्प्रेसरला पुलीशी जोडणारा क्लच लावणार, कॉम्प्रेसर ११० पर्यंत भरून थांबणार, परत गळणार, परत लावणार. सगळा घाट हेच चाललं होतं. शेवटी कोरडा कॉम्प्रेसर आतून धरला, म्हणजे फिरायचाच थांबला, क्लचने तसाच खेचत ठेवला आणि बेल्ट जळला. पहाटेपर्यंत तो आवाज चालू होता. गेज शून्यावर आलं तेव्हा थांबला.

सकाळी ट्रॅक्टर मिळाला. भोरला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं होतं. साखरपुड्याच्या एकाही फोटोत मी नाही.

पुढची दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, "बेल्ट तुटला, कुणाचाही तुटतो." मिस्त्रींचं नाव घेतलं नाही, पण ऐकणाऱ्याला तसं वाटलं तर वाटू दिलं. हे लिहिताना लाज वाटते.

तेव्हाचा मी आत्ता समोर आला तर त्याला मी काय सांगू? बेल्ट वेगळा दे, ओढायच्या नळीवर तेल ठिबकवणारी बाटली लाव, पुढे तेल गाळणारं भांडं लाव, आणि डॅशबोर्डवर स्विच ठेव, म्हणजे आपण लावल्याशिवाय क्लच लागणार नाही. आता हे सगळं केलेलं आहे. पण तो काही ऐकून घेणारा नाही. तो म्हणेल, "म्हणजे चूक कॉम्प्रेसर बसवण्यात नव्हती, बसवण्याच्या पद्धतीत होती. मग मी बरोबरच होतो." त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही आणि पटतही नाही. सगळा खर्च मांडला तर तेवढ्यात चांगल्यातले दोन पंप आले असते. तसा एक आलाही आहे. तो सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला असतो, बरोबरच्या मंडळींना तो मी दाखवत नाही.

कॉम्प्रेसरचा सगळ्यात नेमाने वापर कोण करत असेल तर बायको. दिवाळीच्या आधी जीप खिडकीखाली लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि लांब नळीने ती डासांच्या जाळ्या फुंकून काढते. "ह्याला एवढं तरी जमतं," असं दरवेळी ऐकवते. यंदा जाळ्यांवर तेलाचे बारीक ठिपके उठले. ठिबकायचा स्क्रू मी जरा जास्तच उघडून ठेवलाय.