एबनीची डबी: तडे थांबले, आट्यांचा बेत बदलला

लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कापायच्या यंत्रावर) एबनी या कठीण, काळ्या लाकडाच्या केलेल्या मागच्या नोंदीतल्या डबीच्या तोंडाशी बारीक तडे उमटत होते. तिच्या जागी घेतलेली नवी डबी आता पूर्ण झाली असून भिंगाखाली पाहिले तरी तिच्यावर एकही तडा दिसत नाही.

दोष हत्याराच्या धारेत किंवा लेथच्या वेगात असावा, असे बहुतेकांचे म्हणणे होते, आणि घर्षणाच्या उष्णतेने एबनीचे आडवे कापलेले तोंड तडकते हे खरेच आहे. परंतु वेग उतरवून, गाउजला, म्हणजे लेथवरच्या खोलगट पटाशीला, वारंवार धार लावून आणि अगदी पातळ काप घेऊनही काम थांबल्यानंतर काही वेळाने तडे दिसू लागत. तेव्हा संशय ओलाव्याकडे वळला. एबनीचे ठोकळे चहूबाजूंनी मेण लावून विकले जातात. मेणामुळे टोके तडकत नाहीत, पण आतला ओलावाही कोंडून राहतो, म्हणून मेणाखालच्या ठोकळ्याला विक्रेता ‘वाळलेला’ म्हणतो त्यावर मी आता विसंबत नाही. पाण्यात बुडवून पाहण्याची परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण चांगली एबनी पुरती वाळली तरी बुडू शकते. ओलावा मोजणारे पिनांचे मीटरही फारसे उपयोगी पडले नाही, कारण इतक्या कठीण लाकडात पिना नीट रुततच नाहीत. उरला वजनकाटा, आणि तोच विश्वासू ठरला.

बाजूंचे मेण खरवडून डबी जाड भिंतीची कोरली, उघड्या पडलेल्या काठाला आणि तळाला पुन्हा मेण लावले आणि ती कागदी पिशवीत ठेवून वजन नोंदवत राहिलो. वजन घटायचे थांबले तेव्हा डबी किंचित लंबगोल झाली होती, कारण लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा खोडाच्या घेराच्या दिशेने अधिक आकसते. भिंत जाड असल्याने ती पुन्हा गोल करता आली, आणि शेवटच्या कापाखालून असा काही नितळ काळा पृष्ठभाग निघाला की पॉलिश पेपर जेमतेम फिरवावा लागला. ते बरेच झाले, कारण घासताना उडणारी एबनीची भुकटी त्वचेला आणि श्वासमार्गाला त्रासदायक असते. मास्कशिवाय हे काम करूच नये.

झाकणासाठी निवडलेल्या निर्दोष काळ्या तुकड्यावर ते फिरवून बसवण्यासाठी आटे पाडण्याचा बेत होता. मात्र हे लिहितानाच तपकिरी पट्ट्यांचा बाजूला टाकलेला ठोकळा पुन्हा हातात घेतला आहे. कॅमेरूनमध्ये क्रासिफ्लोरा या जातीच्या एबनीची झाडे तोडल्यावर गाभा पट्टेरी निघाला, तर ती जंगलातच सोडून दिली जात. 2011 मध्ये टेलर गिटार्स या अमेरिकी गिटार कंपनीने मॅडिंटर या स्पॅनिश लाकूड कंपनीसह तिथल्या याउंदे शहरातील क्रेलिकॅम ही लाकूड गिरणी घेतल्यानंतर तसले लाकूड गिटारच्या फिंगरबोर्डसाठी (तारांखालच्या, बोटे दाबायच्या पट्टीसाठी) वापरले जाऊ लागले. मला तर पट्टेरी एबनीच अधिक देखणी वाटते.

त्यामुळे पुढची डबी आणि तिचे झाकण याच एका ठोकळ्यातून काढायचे आहे. पट्टे डबीवरून झाकणावर सलग जुळायला हवेत आणि आट्यांचे झाकण नेमके त्या जागी थांबवणे जिकिरीचे असते, म्हणून आटे रद्द करून दाबून बसणारे झाकण करीन. ठोकळ्याच्या कडेला थोडे फिकट रसकाष्ठही (गाभ्याबाहेरचे लाकूड) आहे; काळी भुकटी त्यात शिरून ते मळकट दिसू नये, यासाठी घासण्यापूर्वीच त्यावर चपड्याचा (लाखेच्या रोगणाचा) पातळ हात द्यावा लागेल.