तीन मिनिटं वीस सेकंद

आजचा अख्खा रविवार आजोबांच्या सुपर ८ प्रोजेक्टरपायी (८ मिमी फिल्मवरचे घरगुती सिनेमे दाखवायचं यंत्र) गेला. देवगडच्या घरात माळ्यावर फणसाच्या लाकडाच्या पेटीत होता. कोकणातली दमट हवा लोखंडाला सोडत नाही, ती याला कशी सोडेल?

उघडला तर आतला रबरी पट्टा वितळून काकवी झालेली. साबणाने तीनदा हात धुतले, तरी काळे ते काळेच. मोटार गुरगुरायची, पण चाकं ढिम्म. जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट बसलेलं. रॉकेलचा बोळा, जुना टूथब्रश, मग शिलाई मशीनचं तेल. पट्ट्याच्या जागी पाण्याच्या पंपाची गोल रबरी ओ-रिंग बसवली (लाज वाटते, पण चालते!). भिंगाला बुरशी होती, ती मऊ फडक्याने हलकेच पुसली.

फिल्मच्या भोकात अडकून एकेक फ्रेम खाली ओढणारा तो बारीक पंजा मात्र शाबूत होता. तो मोडला असता तर संपलंच होतं. आधी एक खराब तुकडा फिरवून बघितला. घरचं रीळ पहिल्याच फटक्यात घालायची हिंमत नव्हती.

रात्री पडवीत धोतर टांगलं. पन्नास फुटी रीळ, सेकंदाला १८ फ्रेम, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. आवाज नाही. रापण (मासेमारीचं मोठं जाळं) किनाऱ्यावर ओढणारी माणसं, आणि मध्येच चड्डी सावरत पळणारे सहा वर्षांचे बाबा.

आजी काही बोलली नाही. रीळ संपून शेपूट फटफटायला लागलं तेव्हा म्हणाली, "परत लाव बघया."

चार वेळा लावलं. पाचव्यांदा लाईट गेली.