रकाना चुकला आणि चलन साडेतीन पट झालं

मोंढ्याजवळच्या दुकानांच्या बांधकाम परवानगीची फाइल होती. तळमजला आणि पहिला मजला, सगळा वापर व्यापारी. चाळीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट, म्हणजे 185.81 चौरस मीटर. बांधकाम 200 चौरस मीटर. नकाशात काही अडचण नव्हती. सकाळी अकराच्या सुमारास अर्जदार चलन घेऊन टेबलासमोर आला. परवानगीसाठी भरायचं विकास शुल्क 1,38,013 रुपये.

"साहेब, शेजाऱ्यानं एवढंच बांधलं, त्याला चाळीस हजाराच्या आत आलं. मलाच एवढं कसं काय?"

शेजाऱ्याची पावती दाखवणारे रोजच येतात. बहुतेकदा शेजाऱ्याचं घर असतं आणि याची दुकानं, म्हणून फरक पडतो. या वेळी मात्र शेजारीही दुकानदारच निघाला. फाइल काढली.

1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात विकास शुल्काचं प्रकरण 1992 साली आलं. आता ते रेडी रेकनरमधल्या, म्हणजे सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य दरांच्या तक्त्यातल्या, जमिनीच्या दरावर टक्क्यांनी लागतं. निवासी वापराला जमिनीच्या क्षेत्रावर अर्धा टक्का, बांधकाम क्षेत्रावर दोन टक्के. औद्योगिकला याच्या दीडपट. व्यापारीला दुप्पट, म्हणजे एक आणि चार टक्के. टक्के लिपिकाने बरोबर लावले होते. ते सहसा चुकतच नाहीत, कारण टेबलाच्या काचेखाली टक्क्यांचा कागद असतो.

चुकला होता रकाना. रेडी रेकनरमध्ये एकाच विभागापुढे खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे दर शेजारी शेजारी छापलेले असतात. वापर व्यापारी दिसला की हात आपोआप दुकानाच्या रकान्याकडे जातो. पण दुकानाचा दर खरेदीखताच्या मुद्रांकासाठी असतो. त्यात बांधलेल्या गाळ्याची किंमत आलेली असते. विकास शुल्काला खुल्या जमिनीचाच दर लागतो. व्यापारी वापराचा भार दुप्पट टक्क्यांत आलेलाच आहे. दुकानाचा दर धरला की तो पुन्हा मोजला जातो.

त्या विभागात खुली जमीन 4,000 रुपये चौरस मीटर, दुकान 14,000. लिपिकाने 14,000 धरले होते. 4,000 धरून नव्याने मांडलं: जमिनीचे 185.81 गुणिले 4,000 चा एक टक्का, 7,432 रुपये. बांधकामाचे 200 गुणिले 4,000 चे चार टक्के, 32,000. एकूण 39,432. फरक 98,581 रुपयांचा.

नुसता आकडा खोडून भागत नाही. आधी विभाग क्रमांक पुन्हा पाहिला, कारण रस्त्याच्या या बाजूला एक विभाग आणि पलीकडे दुसरा असं मोंढ्यात सर्रास आहे; सिटी सर्व्हे नंबरावरूनच खात्री करावी, पत्त्यावरून नाही. मग रेडी रेकनरचा तक्ता चालू वर्षाचाच आहे ना ते पाहिलं. कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये जुना तक्ता राहतो आणि 1 एप्रिलनंतरही त्यावरच काम चालतं. इंजिनिअरने क्षेत्र चौरस फुटांत दिलं असेल तर 10.764 ने भागलंय का, हेही. नुसतं दहाने भागणारे भेटतात. शेवटी सुधारित मागणीची टिपणी मुख्याधिकाऱ्यांकडे पाठवली आणि जुनं चलन रद्द करून घेतलं. अर्जदाराने पैसे भरले नव्हते हे बरं झालं. विकास शुल्काचा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, त्यातून परतावा काढायचा म्हणजे लेखा विभागाच्या पायऱ्या झिजवणं आलं.

दुपारी नवं चलन हातात दिलं. त्याने ते कामगार कल्याण उपकराच्या चलनाशेजारी ठेवलं. उपकराचे 40,000.

"एकच रक्कम दोनदा लावली का काय, साहेब?"

उपकर बांधकाम खर्चाच्या एक टक्का. रेडी रेकनरमधलाच बांधकामाचा दर 20,000, क्षेत्र 200, खर्च चाळीस लाख. जमिनीच्या दराशी त्याचा संबंध नाही, दोन आकडे जवळ आले तो योगायोग. कागदाच्या पाठीमागे दोन्ही हिशेब मांडून दिले, तेव्हा तो बँकेकडे गेला.