वाटी बदलायची की इंजेक्शन घ्यायचं?

झिजलेला गुडघ्याचा सांधा बदलायचा ठरला की "वाटी बदलायला सांगितलीय" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. गंमत अशी की खरी वाटी, म्हणजे गुडघ्यावरचं ते हलणारं हाड, या ऑपरेशनात बऱ्याचदा जागच्या जागीच राहते. मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या वरच्या टोकाचा साधारण ८ ते १० मिलिमीटरचा थर कापतात. वर कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचं आवरण, खाली धातूची तबकडी, मधे पॉलिथिलीनची गादी, आणि हे सगळं हाडाला धरून ठेवायला बहुधा बोन सिमेंट. अख्खा गुडघा काढून फेकतात ही भीती तरी सोडून द्यावी.

कोणताही खर्च करण्याआधी उभ्याने काढलेला एक्स-रे हवा. झोपून काढला की सांध्यावर भार नसतो आणि दोन हाडांमधली फट फसवी, रुंद दिसते. त्याच गुडघ्याच्या उभ्या फिल्ममध्ये आतल्या बाजूची फट पार मिटलेली असू शकते. झीज एक्स-रेवरून केएल (केलग्रेन-लॉरेन्स) ग्रेड १ ते ४ मध्ये मोजतात. ४ म्हणजे हाडाला हाड लागलं. इथे एमआरआयची घाई नको. पन्नाशीनंतर मेनिस्कस (दोन हाडांमधली नैसर्गिक गादी) फाटल्याचा शेरा त्यात बऱ्याचदा येतो आणि गाडी नको त्या दुर्बिणीच्या ऑपरेशनकडे वळते.

आता ती 'रिजनरेटिव्ह', म्हणजे झिजलेलं पुन्हा उगवतं असा दावा करणारी इंजेक्शनं. पीआरपीसाठी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) स्वतःचंच ३०-४० मिलिलिटर रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्सचा ४-५ मिलिलिटर अर्क सांध्यात सोडतात. आधी आठवडाभर आणि नंतर दोनेक आठवडे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद, कारण त्या प्लेटलेट्सचंच काम दाबतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. (हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिन मात्र परस्पर थांबवू नये.) पहिले दोन-तीन दिवस गुडघा उलट जास्त ठणकतो, त्याने घाबरायचं कारण नाही. खरी अडचण वेगळी आहे. किट, फिरवण्याचा वेग, अर्कातली प्लेटलेट्सची संख्या, सगळं दवाखान्यागणिक बदलतं. "अर्कातला काउंट किती?" असं विचारून बघा, उत्तर क्वचितच मिळतं.

ऑस्ट्रेलियातली एक चाचणी २०२१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सौम्य ते मध्यम झीज असलेले २८८ जण, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, काहींना पीआरपी तर काहींना नुसतं सलाइन. वर्षाने वेदनेत किंवा कूर्चेच्या (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) आकारमानात दखल घ्यावी असा फरक नव्हता. सलाइनवाल्यांनाही बरं वाटलं होतं! काही छोट्या अभ्यासांत सहा-बारा महिने आराम मिळाल्याचं दिसतं, ते खोटं म्हणायचं नाही. पण आराम मिळणं वेगळं आणि कूर्चा उगवणं वेगळं.

स्टेम सेलच्या जाहिराती याहून मोठ्या आवाजात असतात. अमेरिकेतल्या, २०२३ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ अशा तिन्ही ठिकाणच्या पेशी तपासल्या. वर्षअखेर एकही साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाही. भारतात २०२२ साली बंगळूरच्या स्टेमप्युटिक्सच्या, दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींना गुडघ्यासाठी मंजुरी मिळाली, पण ग्रेड २ आणि ३ पुरती. ग्रेड ४ वाल्याला कुणी पेशींचं पॅकेज विकत असेल तर तिथून उठावं. पाय धनुष्यासारखा वाकला असेल तर प्रत्येक पावलाचा भार आतल्याच कप्प्यावर पडत राहतो, आणि इंजेक्शनने पाय सरळ होत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या, एकाच बाजूने झिजलेल्या गुडघ्याला नडगीचं हाड कापून सरळ करण्याचं ऑपरेशन जास्त शोभतं, आणि ते सुचवलं जातं फार कमी.

ग्रेड २-३ ला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम आणि वजन घटवणं. एक किलो घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो.

सांधा बदलण्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, आणि त्याची किंमतही उघड आहे. डेन्मार्कमध्ये ऑपरेशनलायक १०० रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशनवाल्यांना जवळजवळ दुप्पट फायदा झाला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त. गंमत पुढे आहे: नुसता व्यायाम, आहार आणि गोळ्या मिळालेल्या ५० पैकी वर्षभरात १३ जणच ऑपरेशनकडे गेले. आयुष्याचं म्हणाल तर साधारण ८२ टक्के कृत्रिम गुडघे २५ वर्षं टिकतात. सत्तरीनंतर बसवलेला सहसा जन्माला पुरतो. पन्नाशीच्या सुरुवातीला बसवलेल्या पुरुषांत मात्र तीनातल्या एकाला पुन्हा टेबलावर जावं लागू शकतं. खाली मांडी घालून बसणं आणि भारतीय पद्धतीचा संडास, दोन्ही बहुधा सुटतात. कमोडची सोय आधीच करून ठेवावी.

"इंजेक्शन घेऊन बघू, नाही जमलं तर ऑपरेशन" या हिशेबात एक खाच आहे. सांध्यात सुई गेल्यावर, विशेषतः स्टेरॉइडची, तीन महिने ऑपरेशन टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तारीख ठरली असेल तर मधेच सुई घेऊ नका. मधुमेह्यांनी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) साडेसात-आठच्या खाली आणावं, किडके दात आणि लघवीचा संसर्ग आधी निस्तरावा, तंबाखू किमान महिनाभर आधी बंद.

ऑपरेशननंतर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. जखमेतून पाणी येत राहिलं तर गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक न घेता थेट सर्जनकडे जावं. गोळ्यांनी आतला पू दबून राहतो आणि निदान लांबतं. पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर त्याच तासाला हॉस्पिटल. आणि घरोघरी दिसणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली ठेवलेली उशी. बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली.