मास्तर कोण आणि खलाशी कोण?

पणजीच्या धक्क्यावर मुलांना सोडायला आलेले आईवडील जाता जाता मला बाजूला घेतात आणि विचारतात, "मॅडम, तुमच्यात शिकवणारे कोण आणि बोट चालवणारे कोण?" कुणी मला दोर ओढताना बघतं आणि म्हणतं, "तुम्ही तर शिक्षिका ना?" मागच्या रविवारी एका आजोबांनी हेच विचारलं. तेव्हा शीड चढवायची वेळ झाली होती. "आल्यावर सांगते," म्हणून मी निघाले. संध्याकाळी परत आलो तर त्यांची नात दमून त्यांच्या खांद्यावर झोपली होती, आणि बोलणं राहून गेलं. आजोबा, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट बसून लिहिते.

आम्ही पाचजण. वेंगुर्ल्याचे तांडेलकाका सुकाणूवर, मालवणचे आचारीकाका खाली चुलीपाशी, डिंगीवर, म्हणजे शिडाच्या छोट्या होडीवर, शिक्षण घेतलेली एक तरुण मुलगी डेकवर, रसायनशास्त्र शिकलेला एक सहकारी, आणि मी, पेडण्याची, प्राणीशास्त्राची. आठवी-नववीची दहा मुलं घेऊन आम्ही मांडवीतून समुद्रात जातो, पाणी मोजतो, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव गोळा करतो आणि संध्याकाळी परत येतो. हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो तो मेपर्यंत. कागदावर माझं आणि माझ्या सहकाऱ्याचं काम शिकवायचं, बाकी तिघांचं बोट चालवायचं. पहिल्या वर्षी मीही तसंच मानत होते. ते कसं सुटलं ते सांगते.

पाण्याचा गढूळपणा मोजायला आम्ही सेक्की तबकडी वापरतो. ताटाएवढी गोल चकती, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची, खाली वजन आणि वर खुणा केलेली दोरी. बोटीच्या सावलीच्या बाजूने ती हळूहळू सोडायची. दिसेनाशी झाली की खूण वाचायची, मग वर ओढत पुन्हा दिसू लागली की वाचायची, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. इतकं सोपं उपकरण दुसरं नाही. मुलांना ते लगेच कळतं.

पण एक अट असते. दोरी सरळ खाली गेली पाहिजे. बोट वाहत असेल तर दोरी तिरकी होते. ती 45 अंशांत कलली की 3 मीटर दोरी सोडूनही चकती जेमतेम 2.1 मीटर खोल गेलेली असते. पहिल्या वर्षी मी दोरीवरच्या खुणा वाचत होते, दोरीकडे बघत नव्हते. एका सकाळी लागोपाठ तीन ठिकाणी पाणी जास्त जास्त स्वच्छ निघालं. मी खूश. मुलांना कारणंही सांगून मोकळी झाले. तांडेलकाका सुकाणूवरून सगळं ऐकत होते. मुलं जेवायला गेल्यावर म्हणाले, "बाई, पाणी साफ झाला नाय. वारो वाढलो."

त्या दिवसाचे आकडे मी वहीतून खोडले, आणि दुपारी मुलांसमोर सांगितलं की मी चुकीचं शिकवलं. मग काकांना विनंती केली, पुढच्या ठिकाणी बोट धरून द्या.

बोट धरणं म्हणजे काय ते त्या दिवशी मुलांबरोबर मीही पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढचं छोटं शीड वाऱ्याच्या बाजूला उलटं ताणायचं, मोठं शीड सैल सोडायचं, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळू पाहील असं सुकाणू बांधून ठेवायचं. शीड बोटीला वाऱ्यापासून दूर ढकलतं, सुकाणू तिला वाऱ्याकडे खेचतं. दोघांचं भांडण बरोबरीत सुटलं की बोट जवळजवळ जागच्या जागी उभी राहते, हेलकावेही कमी होतात. ना नांगर, ना इंजिन. दोरी सरळ खाली गेली. आकडा आला दीड मीटर.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत तारीख, वेळ, भरती-ओहोटी, वारा आणि खोलीच्या पुढे एक रकाना आहे: बोट कोणी धरली. मोजणाऱ्याचं नाव लिहितो तर धरणाऱ्याचंही लिहायला हवं. अर्धं मोजमाप त्यांचं असतं.

या तबकडीचा जन्मही असाच झाला, हे मला नंतर वाचताना कळलं. एप्रिल 1865मध्ये पोपच्या आरमाराचे प्रमुख अलेस्सांद्रो चाल्दी यांनी आंजेलो सेक्की या धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञाला आपल्या जहाजावर बोलावून घेतलं. समुद्राच्या पारदर्शकतेचा प्रश्न आधी चाल्दींना पडला होता, जहाजही त्यांचंच. सेक्कींनी वेगवेगळ्या आकारांच्या, रंगांच्या चकत्या पाण्यात सोडून पद्धतशीर निरीक्षणं केली. आज जगभर तबकडीला सेक्कींचं नाव आहे. चाल्दींचं नाव माझ्या पाठ्यपुस्तकात कुठेच नव्हतं. मी मुलांना दोन्ही नावं सांगते, आणि चाल्दींचं आधी सांगते.

दुसरी गोष्ट आग्वादच्या वाळूच्या दांड्याची. मांडवीच्या मुखाशी तो पाण्याखाली आडवा पडलेला आहे. मार्चमधली दुपार होती. ठरलेलं एक मोजमाप राहिलं होतं आणि ती जागा दांड्याजवळच होती. ओहोटी जोरात होती. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा पडून वायव्येचा खारा वारा सुटला होता. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, जाऊन येऊ. काका म्हणाले, "पाणी भायर जाता, वारो भितर येता. आता थंय जावचा नाय." मी वाद घातला. माझ्या डोक्यात नकाशावरचा सुटलेला ठिपका होता. त्यांनी बोट वळवली नाही, फक्त लांबून नदीच्या मुखाकडे हात केला. बाहेर धावणारं पाणी आणि समोरून येणारा वारा भिडतात तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात, त्या आम्ही सगळ्यांनी बघितल्या. मग काकांनी मुलांना तासभर समजावलं: भरती-ओहोटीचं कोष्टक बघून निघायची वेळ कशी ठरते, सकाळी ओहोटी आणि मतलई दोघंही बाहेर कसे नेतात, दुपारी भरती आणि खारा वारा मिळून घरी कसे आणतात, आणि ज्या दिवशी हे जुळत नाही त्या दिवशी काय करायचं नाही. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे दोन ओळींत उरकतात. त्या मुलांपैकी कुणी ते विसरेल असं मला वाटत नाही. तो ठिपका वहीत रिकामाच आहे.

आता आचारीकाकांबद्दल. वाटेत होडीवाल्यांकडून बांगडे मिळाले की ते साफ करायच्या आधी मुलांना हाक मारतात. बांगड्याचं तोंड उघडून धरतात. आत कल्ल्यांच्या कमानींवर पिसासारखे लांब, दाट काटे असतात. "ही त्याची गाळणी. पाणी आत, पाणी बाहेर, खाणं मागे." तोवर माझ्या सहकाऱ्याने प्लवकाच्या जाळीतलं थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेलं असतं. त्यात कोपेपॉड नावाचे इवलेसे प्राणी उड्या मारत असतात, डायटम नावाची काचेसारखी सूक्ष्म शेवाळं असतात. एक डोळा गाळणीकडे, एक डोळा गाळलेल्याकडे. मग दुपारी तोच बांगडा ताटात येतो. अन्नसाखळी मी फळ्यावर बाण काढून कितीदा शिकवली असेल, पण बाणांना वास नसतो.

आणि मुलंही शिकवतात. पहिल्यांदा सांगायला हवं होतं ते राहिलं. जुवारी आणि मांडवीच्या काठची बरीच मुलं खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींतल्या, घरांतली असतात. खारेपण मोजायला आम्ही हातातलं रिफ्रॅक्टोमीटर देतो: पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, रेषा वाचायची. समुद्राचं पाणी 35च्या आसपास दाखवतं, म्हणजे हजार भागांत 35 भाग मीठ. उन्हाळ्यात मांडवीत खारं पाणी आत आत सरकतं. भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 50 किलोमीटर वर, गांजे गावापर्यंत जाणवतो. पावसात हीच नदी मुखापर्यंत जवळजवळ गोडी होते. हे मी सांगत असताना एक मुलगा म्हणाला, "म्हणून मानस आहे." मग त्यानेच उठून सांगितलं की बांधातल्या मानशीची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, कुणाला हात लावावा लागत नाही. त्याच्या आजोबांनी ती दारं दुरुस्त केली होती. काका सुकाणू सोडून पुढे आले आणि त्यांनी त्याला दोन प्रश्न विचारले. काकांनाही ते ठाऊक नव्हतं. त्या तासाला आमच्यात मास्तर तो होता.

तुम्ही म्हणाल, हे सगळं इंजिनाच्या बोटीवर होणार नाही का? काही होईल. पण प्लवकाची जाळी अगदी हळू ओढावी लागते, साधारण एक-दोन नॉटने. शिडावर तो वेग सहज सापडतो आणि आवाज नसतो. आवाज नसला की दहा मुलं एकमेकांचं ऐकतात, गोव्याच्या किनाऱ्यालगत फिरणाऱ्या कुबडाच्या डॉल्फिनचा श्वाससुद्धा ऐकू येतो. शिवाय शिडाच्या बोटीवर नुसतं बसून राहता येत नाही. दोर ओढायला माणसं लागतात. ज्या मुलाने हातांनी बोट चालवली त्याचा त्या बोटीवरून काढलेल्या आकड्यावर जीव असतो.

हे नुसतं मुलांना रमवणं नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेत वूड्स होल इथे सी एज्युकेशन असोसिएशन ही संस्था 1971पासून विद्यार्थ्यांना शिडाच्या जहाजांवर नेते. विद्यार्थी पाळीपाळीने सुकाणूवर आणि प्रयोगशाळेत उभे राहतात. 1986 ते 2008 अशी 22 वर्षं त्यांनी पश्चिम उत्तर अटलांटिकमध्ये 6,100हून जास्त वेळा जाळी ओढली आणि तिच्यात आलेला प्लास्टिकचा तुकडा न् तुकडा हातांनी निवडून मोजला. त्यावरचा शोधनिबंध 2010मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात आला. महासागरातल्या प्लास्टिकबद्दल इतक्या लांब काळाची नोंद क्वचितच कुणाकडे होती. आपल्याकडेही दिवाडी बेटावर बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या बोटीवरून दिलीप दोंदे 2009-10मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. 'तारिणी' या तशाच शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी 10 सप्टेंबर 2017ला गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018ला गोव्यातच परतल्या. वाटेत हवामानाच्या आणि लाटांच्या नोंदी ठेवणं हेही त्यांचं काम होतं. आमच्या डेकवरच्या मुलीला जेव्हा एखादी नववीतली पोर विचारते, "ताई, तुम्ही खलाशी की शास्त्रज्ञ?" तेव्हा ती तारिणीचं नाव सांगते आणि तिच्या हातात दोर देते.

आता एक सल बोलून टाकते. दरवर्षी आम्ही मदतीसाठी अर्ज करतो. त्यात माणसांचे दोन रकाने असतात: 'शैक्षणिक' आणि 'इतर'. शैक्षणिक रकान्यातल्यांना मानधन, इतरांना रोजंदारी. हंगाम बंद असतो तेव्हा मला थोडंफार मिळतं, काकांना काहीच नाही. पावसाळ्यात ते गावी जाऊन जाळी शिवतात. ज्या माणसाने मला माझ्या उपकरणाची दोरी बघायला शिकवली तो 'इतर' कसा, हे मला कुठल्याच कागदावर लिहून पटवता आलेलं नाही. आजोबा, तुमच्या प्रश्नात तसं काही नव्हतं, मला माहीत आहे. पण तो प्रश्न ऐकला की मला तो रकाना दिसतो, म्हणून त्या दिवशी पटकन उत्तर देता आलं नाही.

यंदा मी पाचही नावं शैक्षणिक रकान्यात लिहिली. अर्ज परत आला, काका आणि आचारीकाकांची शैक्षणिक पात्रता विचारत. काकांच्या नावापुढे मी नोंदवहीतल्या त्यांनी बोट धरलेल्या सगळ्या मोजमापांची यादी जोडली आहे. आचारीकाकांच्या नावापुढे बांगड्याच्या गाळणीबद्दल मुलांनी लिहिलेली पानं. सोमवारी पाठवते. शनिवारी सकाळी ओहोटी आहे, मतलई असेल, आम्ही सातला निघतो. नातीला घेऊन या, आणि वेळ असेल तर तुम्हीही चला. खाजनाबद्दल काकांचे अजून बरेच प्रश्न शिल्लक आहेत.