खोलीत सोलापूर

कोकणात हातमाग शिकवते म्हटलं की लोक हसतात. माझं माहेर सोलापूरचं, सासर वेंगुर्ल्याजवळ. बाबांचा खड्डामाग ते गेल्यावर ट्रकातून इथे आला.

फिनलंडची एक बाई वर्षभरासाठी इकडे राहायला आलीय आणि माझ्याकडे विणायला शिकते. पहिल्याच दिवशी खड्ड्यात पाय सोडून बसली नि विचारलं, "ताई, माग जमिनीत का?" मी म्हटलं, "पाय सोडायला." तिने ते वहीत उतरवलं. लिहायच्या वहीत, मागाच्या नव्हे. मागाची वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी दोऱ्यांची चौकट.

गोष्ट 7 ऑगस्टची. 1905 च्या स्वदेशी चळवळीची आठवण म्हणून 2015 पासून हा राष्ट्रीय हातमाग दिवस. एका कार्यालयातून सकाळीच फोन, 'मागावर बसलेला फोटो पाठवा.' वर्षभर सुताची चौकशी नाही, फोटो मात्र दुपारच्या आत हवा.

बाहेर धो धो पाऊस, आणि मागावर ताण्याच्या तारा, म्हणजे उभे धागे, तुटत होत्या. 24 इंची पंचा, एकपदरी 40 नंबरचं सूत, ताण्यात 1440 तारा. एरवी तासाला एखाददुसरी जाते. त्या दिवशी आडवा धागा नेणारा धोटा चार वेळा फेकला की एक तार गेलीच. तुटकं टोक शेजारच्या तारांत गुंततं, आडवा धागा ठोकणारा हात्या पुढे आला की त्याही घेऊन जातं. तार सांधायची म्हणजे नवा तुकडा जोडायचा, वहीच्या डोळ्यातून काढायचा, मग हात्यातल्या फणीच्या नेमक्या त्याच घरातून, म्हणजे फटीतून, ओढायचा. घर चुकलं तर कापडात शेवटपर्यंत रेघ. माझी गाठ फणीतून अडकल्याशिवाय जाते, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मी तिच्यावरच चिडले. "खळ नीट लागलेली नाही. पेज दाट झाली, ब्रश फिरवताना तारा मोकळ्या केल्या नाहीस." ती गप्प. सदतीस तारा सांधल्या आम्ही. बोटाखाली सूत कुरकुरत होतं, खळ पापडासारखी तडकत होती. ऐन श्रावणात!

दुपारी पाऊस थांबला तेव्हा घरघर ऐकू आली. सुताच्या पोत्यांमागे डीह्युमिडिफायर, हवेतली ओल ओढून घेणारं मशीन. आषाढात तिच्या दोन पंच्यांवर बुरशीचे काळे ठिपके आले होते, म्हणून तिने आदल्या संध्याकाळी आणून लावला होता. दारं-खिडक्या बंद. काट्यावर हवेतली आर्द्रता 38 टक्के, खालची टाकी काठोकाठ. ठिपके आले ते खळ धुऊन न काढता कापड घडी करून ठेवल्यामुळे, आणि ते तिला सांगायचं मीच विसरले होते.

खोलीत सोलापूर झालं होतं. सुती धागा ओलाव्याने उलट बळकट होतो, कोरड्या हवेत ठिसूळ. उन्हाळ्यात बाबा रोज दुपारी खड्ड्यात तांब्याने पाणी शिंपडायचे. खालची ओल वर ताण्याला लागायची. मी तो तांब्या किती वेळा भरून दिलाय! मला वाटायचं, पायांना गारवा म्हणून. इथे हवाच ते काम करते, त्यामुळे विचार करायची वेळच आली नाही.

मशीन बंद केलं, खिडकी उघडली. दुसऱ्या दिवशी दोनच तारा गेल्या. तिने वही काढली, 'पाय सोडायला' यावर काट मारली आणि पेन धरून माझ्याकडे बघत राहिली.

रात्री सोलापूरला भावाला फोन लावला. बाबा खड्ड्यात पाणी का मारायचे रे?

"गारव्याला," तो म्हणाला. "का गं?"